यानावरच्या डॉक्टरबाईंचा चेहरा

मी खाली सही करणार, वय ५८ वर्षे, धंदा चित्रकथांतल्या संवादांच्या फुग्यांत अक्षरे भरणे, राहणार छापखान्यामागची गल्ली, रंगाच्या दुकानावर, दुसरा मजला. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी माझ्या पतींसोबत राहते. आम्हाला मूलबाळ नाही. पती चित्रकार आहेत आणि तरुणपणापासून एकाच प्रकाशनासाठी चित्रकथा काढतात. चित्रे ते काढतात, फुग्यांतली अक्षरे मी भरते. पुस्तकावर नाव त्यांचे असते. त्याबद्दल माझी तक्रार नाही, म्हणजे कालपर्यंत नव्हती.

आमचे लग्न नवे होते तेव्हा टीव्हीवर अंतराळयानाची एक मालिका लागत असे. लोक तिच्यापायी वेडे झाले होते. प्रकाशनाच्या थोरल्या मालकांनी तिच्या चित्रकथा काढायचे हक्क घेतले आणि काम माझ्या पतींना दिले. आमच्या घरी टीव्ही नव्हता. पतींनी मालिकेचा एकही भाग पाहिलेला नव्हता. टीव्ही कंपनीकडून दर भागाच्या गोष्टीचा टाइप केलेला गोषवारा येई. मूठभर फोटो सुरुवातीलाच आले होते, त्यांवर सगळे निभवायचे होते. फोटोत यान फक्त समोरून दिसे, म्हणून मागची बाजू पतींनी आमच्या गॅसच्या टाकीवरून काढली. कप्तानाची खुर्ची कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानातली आहे. सुरुवातीला वाचकांची पत्रे यायची की हे आमचे यान नव्हेच. पुढे त्याच वाचकांना टीव्हीवरचे यान चुकीचे वाटू लागले.

यानावर एक डॉक्टरबाई होत्या. त्यांचा चेहरा एकाही फोटोत नव्हता, एका फोटोत नुसती पाठ होती. अंक तर अंगावर आलेला. पतींनी मला खिडकीशी उभे केले, हातात पळी दिली आणि सांगितले, "हे यंत्र आहे असं समज. रोग्याच्या छातीला लाव." रोगी म्हणजे गादीची वळकटी. तेव्हापासून मालिकेचा शेवटचा अंक निघेपर्यंत डॉक्टरबाई म्हणजे मी. माझी मान अवघडायची, दूध उतू जायचे, जरा हलले की ते खेकसायचे. एकदा मी तापाने फणफणले होते आणि नेमक्या त्याच महिन्याच्या गोष्टीत डॉक्टरबाई आजारी पडत होत्या. पती म्हणाले, "वा, अशीच पडून राहा." मी पडून राहिले. गोषवाऱ्यात डॉक्टरबाईंच्या तोंडी "होय कप्तान" याखेरीज फारसे काही नसे. फुगा रिकामा दिसू नये म्हणून मी पदरची वाक्ये घालत असे. कप्तानाला खडे बोल सुनवायची त्यांची सोय मीच करून दिली.

मालिका चालू असताना आम्हाला मुलगी झाली होती. ती दवाखान्यातून घरी आली नाही. त्या महिन्याचाही अंक वेळेवर निघाला. त्या अंकात एक पान असे आहे की यानाच्या दवाखान्यात डॉक्टरबाई एका रिकाम्या खाटेशेजारी बसल्या आहेत. गोषवाऱ्यात हा प्रसंग नव्हता. पानभर एकच चित्र आहे आणि फुगा एकही नाही. त्यासाठी मी समोर बसलेही नव्हते, पतींनी ते मला न सांगता काढले. पान माझ्याकडे आले तेव्हा त्यात भरायला काही नव्हते. मी ते थोडा वेळ जवळ ठेवले आणि तसेच छापखान्यात पाठवले. मुलीबद्दल आम्ही घरात कधीच बोललो नाही. हा माणूस माझ्याशी एवढ्या वर्षांत मनातले काही बोलला असेल तर ते त्या पानावर, असे मी धरून चालले होते. त्या एका पानावर मी संसार केला असे म्हटले तरी चालेल.

आता ती मालिका पुन्हा लोकांच्या डोक्यात शिरली आहे. जुन्या चित्रकथा जाडजूड पुस्तकात एकत्र निघणार आहेत. थोरले मालक वारले, धाकटे मालक काम पाहतात. टीव्ही कंपनीची अट अशी की सर्व पात्रांचे चेहरे मालिकेतल्या नटनट्यांसारखेच दिसले पाहिजेत. शिवाय या चित्रांत दुसऱ्या कोणा हयात माणसाचा चेहरा नाही, असे पतींकडून लिहून घेतले आहे. त्यांनी ते लिहून दिले. मूळ पाने छापखान्याच्या कपाटातून आमच्या घरी आली. काम असे की ब्लेडने जुना चेहरा खरवडायचा, त्यावर पांढरा रंग द्यायचा आणि वाळला की नटीचा चेहरा काढायचा. नटीचा फोटो या वेळी मात्र वेळेवर आला.

मला यातले काही सांगितलेले नव्हते. "जुनी पानं साफ करतोय," एवढेच पती म्हणाले होते. मी पाहिले तोवर निम्म्या पानांवर नटी येऊन बसली होती. मी विचारले, "अहो, हे काय?"

"कंपनीचं म्हणणं आहे."

"आणि तुमचं?"

"माझं काय असणार? काम आहे ते."

मी गप्प बसले. गप्प बसण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

आज सकाळी मी त्यांना चहा द्यायला गेले तेव्हा ब्लेडखाली खाटेचे पान होते. चेहरा गेलेला होता. तिथे पांढरा डाग होता आणि खाली हात मात्र माझेच होते. मी म्हटले, "हे एवढं राहू द्या." ते मान वर न करता म्हणाले, "एकच पान वेगळं कसं ठेवू? वाचणाऱ्याला वाटेल, दवाखान्यात ही दुसरीच बाई कुठून घुसली." मी त्यांना पुन्हा म्हटले की हे कुठले पान आहे ते तरी बघा. ते म्हणाले, "बघितलंय. मीच काढलंय ना." मग चहा पिऊन ते आंघोळीला गेले.

मी आधी पाने वेगळी केली. ज्यांवर अजून मी आहे ती कपाटात ठेवून दार लावले. ज्यांवर नटी आली होती ती आणि खाटेचे पान, अशी टेबलावर मांडली आणि काळ्या शाईची बाटली त्यांवर ओतली. नंतर मी ओटा पुसला. पती बाहेर आले, त्यांनी पाहिले आणि पहिला फोन धाकट्या मालकांना केला. माझ्याशी ते त्यानंतर बोलले.

दुपारी धाकटे मालक आले. मूळ पाने प्रकाशनाच्या मालकीची असल्याने ते आम्हा दोघांना इथे घेऊन आले. वाटेत ते मला म्हणाले, "वहिनी, बाटली कलंडली एवढंच सांगा. मी तक्रार करत नाही, विषय संपला." पतीही म्हणाले, "सांग की. तुझं काय जातंय?" मी तसे सांगणार नाही. बाटली कलंडलेली नाही. ती भरलेली होती, तिचे बूच घट्ट होते आणि ते मी दातांनी उघडले.

इथे आल्यावर धाकट्या मालकांनी पुरावा म्हणून जुन्या अंकांतला एक अंक टेबलावर ठेवला. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारबाईंनी तो उघडला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अगंबाई, या तर तुम्हीच की!" मी तेव्हा तरुण होते, केस काळे होते, तरी त्यांना ओळख पटली. त्यावर ठाण्याच्या साहेबांनी पतींना विचारले की ही बाई कोण. पतींनी आधी धाकट्या मालकांकडे पाहिले, मग अंकाकडे. माझ्याकडे पाहिले नाही. ते म्हणाले, "कुणी नाही साहेब. फोटो आला नव्हता म्हणून मनानं काढली. अशी कुणी बाई नव्हती." मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत बसले होते.

साहेबांनी मला यावर काही म्हणायचे आहे का असे विचारले. माझे म्हणणे असे की, त्यांच्या जबाबात ते म्हणतात तसे लिहावे आणि माझ्यात मी म्हणते तसे. तो चेहरा माझा आहे. शाई मी शुद्धीवर असताना, समजून उमजून ओतली. मला पश्चात्ताप नाही. राग आहे, तोही लिहून घ्यावा. कपाटातली पाने मी कोणाला देणार नाही. ती न्यायची असतील तर कायद्याने न्यावीत.

यानंतर धाकटे मालक फोन करायला बाहेर गेले. साहेब आणि हवालदारबाई समोरच होते. तेव्हा पती माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "ते खाटेचं पान मी नव्यानं काढून देतो म्हटलंय. त्यात फुगा हवाय त्यांना, नुसतं चित्र आजकालच्या पोरांना कळत नाही म्हणे. दोन वाक्यं सुचव काहीतरी. आणि अक्षरं तूच भरशील ना? दुसऱ्या कुणाचा हात जुळायचा नाही."

त्यावर मी त्यांना जे बोलले ते साहेबांनी व हवालदारबाईंनी ऐकलेले आहे. सरकारी कागदावर तसले शब्द घेता येत नाहीत असे साहेबांनी सांगितल्यामुळे तेवढे सोडले आहे. बाकीचा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच उतरला आहे, म्हणून खाली सही करते.