तेवीस टोचे आणि एक रेघ

…नाही, पण मी काय म्हणतो, माणसानं बघायचंसुद्धा नाही का? गॅसवर दूध ठेवायचं आणि पातेल्यात डोकवायचं नाही, असं असतं का कुठं? माझ्या गाईड मॅडम म्हणतात, तू मारलंस. अहो, मी कशाला मारतोय? मी फक्त बघितलं हो, फक्त बघितलं!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी प्रयोगशाळेत प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या वाढवतो. पाच वर्षं झाली. मुलगी पहिलीत गेली, ती विचारते, बाबा, तुमची परीक्षा कधी संपणार? सासरे विचारत नाहीत, ते नुसते बघतात, आणि तुम्हाला सांगतो, ते जास्त लागतं. या तीस तारखेला प्रबंध दिला नाही तर माझी पीएच.डी.ची नोंदणी रद्द. पाच वर्षं पाण्यात! आणि प्रबंधात सगळं आहे, फक्त एक रेघ नाही. साखळ्यांत न जाता किती कच्चा माल उरला ते मोजायचं, मूळ मालाला त्यानं भागायचं आणि त्याचा लॉग, तोच कॉलेजातला लॉगॅरिदम, घेऊन वेळेसमोर मांडायचा. रेघ सरळ आली तर साखळ्या जिवंत, वाकली तर वाटेत मेल्या.

मरतात कशा म्हणाल, तर प्रत्येक साखळीच्या डोक्यावर एक टोपी असते. टोपी आहे तोवर ती झोपलेली. चंबूत आम्ही घातलेलं तांबं येतं, टोपी काढून घेतं, ही जागी होते, चार कड्या जोडते, की तांबं पुन्हा टोपी घालतं, झोप बाई! सगळी करामत एवढीच, की एका वेळी अगदी थोड्या जाग्या ठेवायच्या. कारण दोन जाग्या एकमेकींना भेटल्या की खेळ खल्लास, दोघी कायमच्या गेल्या. आणि त्यांच्या टोप्या? त्या तांब्याकडेच राहतात! मग ते टोप्या घेऊन हिंडतं, उघडं डोकं दिसलं की घाल टोपी. म्हणजे मरतात दोघी आणि गपगार होतात बाकीच्या. आमच्या विभागात दोघांची नोंदणी रद्द झाली तेव्हा आम्ही सगळे असेच महिनाभर माना खाली घालून बसलो होतो. आणि यात हवा शिरली तर विचारूच नका. ऑक्सिजन जाग्या साखळ्यांना धरतो आणि टोपी काढणारं तांबंही बाद करून टाकतो.

म्हणून मॅडमनी बजावलं होतं. चंबूला रबरी बूच, वर नायट्रोजनचा फुगा, खाली सत्तर अंशांचं तेल. बुचातून सुई घालून दर अर्ध्या तासानं एक नमुना, एकूण सहा. सिरिंज प्रत्येक वेळी तीनदा नायट्रोजननं धुवायची. मधे हात लावायचा नाही. मॅडम हळू बोलतात हो. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं, त्या हळू बोलल्या की मी तेच काम चारदा तपासतो.

काल सकाळी लावलं. पहिला बिंदू रेघेवर, दुसरा, तिसरा… मी देवाला हात जोडले. चौथा केसभर खाली! केसभर हो, पण मला घाम फुटला. म्हटलं, मोजण्यात चूक असेल, परत एक काढू. तो आणखी खाली. मग काय, दहा मिनिटांनी एक, पाच मिनिटांनी एक, सिरिंज तीनदा धुवायची ती दोनदा, मग एकदा, मग… नमुने मोजायच्या यंत्रावरचे काका म्हणाले, काय रे, घरात तापाचं पोर आहे का, सारखं मोजतोयस? तेवीस नमुने! बुचाची चाळण झाली, चंबूत गडद हिरवं पाणी, म्हणजे तांबं बाद, आणि रेघ अशी वाकली, जसा मी सासऱ्यांपुढे. पण मी काय केलं? मी फक्त बघितलं हो!

मॅडमनी विचारलं किती नमुने. मी म्हटलं, सहा… आणि सतरा. सिरिंज धुतलीस? मी म्हटलं, सुरुवातीला… तीनदा.

"मरतील म्हणून घाबरलास," मॅडम म्हणाल्या, "म्हणून भोकं पाडलीस, आणि भोकांतून हवा गेली म्हणून त्या मेल्या."

मग म्हणाल्या, हे सिद्ध कर. उद्या पुन्हा तेवीसदा टोच. रेघ तशीच वाकली, तर दोष टोचण्याचा, कृतीचा नाही. तेवढं लिहू, प्रबंध सुटेल.

तुम्हाला सांगतो, आज मी इतका निवांत होतो! वाकडीच हवी ना, मग भीती कसली? शीळ घालत टोचत होतो, हात स्थिर, सवयीनं सिरिंज तीन-तीनदा धुतली… तेविसच्या तेवीस बिंदू एका ओळीत! पट्टी लावून काढावी अशी सरळ रेघ! पाच वर्षं जिच्यासाठी झुरलो, ती आली कधी, तर नको तेव्हा.

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. टोचे तेवढेच, रेघा दोन. यातली खरी कुठली, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मॅडम, काल मी घाबरलो होतो.

"मग प्रबंधात काय लिहायचं?" त्या म्हणाल्या. "तापमान सत्तर अंश, विद्यार्थी घाबरलेला?"

दोन्ही कागद त्यांनी घडी घालून माझ्या हातात दिले. मग हळू, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "उद्या एकोणतीस. तिसऱ्यांदा कर. सहाच नमुने. आणि घाबरू नकोस, या वेळी मी तुझ्या शेजारी उभी राहते."

…शेजारी. सहाच्या सहा वेळा. आणि मी घाबरायचं नाही!

काही नाही, उद्याची रेघ मी आजच काढून ठेवलीय. वाकडी.