निरांजनाची वाटी

सासूबाईंनी ती वाटी कोणत्या खणातून काढली, हे मी पाहिलेले नाही. जॉन्सनव्हिलच्या आमच्या घरी त्या तिचे निरांजन करून आरती ओवाळत होत्या, आणि मी ती लगेच ओळखली. अशा वाट्या मी पोलिसांच्या प्रयोगशाळेत तपासल्या आहेत.

“आई, यात गांजाचा अर्क तापवून ओढतात!”

“अगं बाई! आणि मी देवापुढे धरली!”

“क्वार्ट्झची काच आहे ती. सिरॅमिक असती तर एव्हाना तडकली असती,” माझा नवरा शिरीष सहज म्हणाला.

“तुला कसे ठाऊक?”

“भाडेकरूची असेल. जॉशला विचार.”

वरच्या खोलीतल्या जॉशने वाटी निरखून परत दिली. “सॉरी, माझी टायटॅनियमची आहे, विजेवर तापणारी. ही कोणीतरी गॅसच्या टॉर्चने, थेट ज्योतीवर तापवलीय.”

त्या घरात आम्ही चौघेच राहतो: सासूबाई, मी, जॉश आणि शिरीष.