खंडेनवमीची गाडी

(कडोली, १९४६. खंडेनवमीची सकाळ. सोप्यात रवळूची आई रुक्माबाई आणि पलटणीतला त्याचा सोबती नागोजी. मधे पाटावर पत्र्याची, वितीभर लांबीची लढाईची गाडी.)

रुक्माबाई : आणि वर छप्पर न्हाय?

नागोजी : न्हाय काकू. वरनं उघडीच. रवळू हितं उजव्या अंगाला बसायचा, हाकायला. त्याच्या शेजारी मी, बंदूक घिऊन. पत्रा रॉकेलच्या डब्याचा हाय, पर माप बरोबर हाय. चाकांवरनं फिरणाऱ्या पट्ट्याच्या कड्या दोनदा मोडून केल्या.

रुक्माबाई : सोन्यासारखी केलीस. मग ही घाण कशाला फासलीस रं?

नागोजी : घाण न्हवं ती. ताकात खिळे-मोळे भिजत घालून गंज काढला. राख कालवून तिकडचा चिखल केला. इटलीतली माती करडी, आपल्यागत तांबडी न्हाय. चार दिस त्यातच गेलं.

रुक्माबाई : बरं केलंस. आण हिकडं, वल्ल्या फडक्यानं पुसून घेऊ.

नागोजी : नगं. ऱ्हाऊ द्या.

रुक्माबाई : आज नांगर, इळं, कुऱ्हाड, समदं धुऊन मांडलंय. लेकाची गाडीच तेवढी मळकी पुजू? आजच्या दिशी बैलगाडीची चाकं घासघासून धुवायचा त्यो.

नागोजी : म्हाईत हाय.

रुक्माबाई : मग माझा हात का धरलास?

नागोजी : लढाईत गाडी मळकीच ठेवायची असती, काकू. चिखल आमीच फासायचो, मुद्दाम. पत्रा उन्हात चमकला की डोंगरावरनं दुश्मनाला दिसतंय.

रुक्माबाई : मग?

नागोजी : मग काय न्हाय.

रुक्माबाई : नागू, माझ्याकडं बघ. त्यो गेला त्यो दिस कुठला? पलटणीच्या कागदातली तारीख विंग्रजी. मला ती कळत न्हाय.

नागोजी : आजचाच. खंडेनवमी.

रुक्माबाई : धुतली हुती त्यानं गाडी?

नागोजी : व्हय. ओढ्यावर न्हेऊन. मीबी पाणी वतलं. पूजा झाली की लगीच परत चिखल लावायचा, असं ठरलं हुतं. मी फुलं आणाय बांधाकडं गेलतो, म्हणून हाय. तेवढ्यात गोळा आला.

रुक्माबाई : कार्डात मीच सांगितलं हुतं. मास्तरांकडनं लिहून घेतलतं. कुठंबी अस, खंडेनवमीला गाडी धू, चुकवू नगंस.

नागोजी : व्हय.

रुक्माबाई : त्याला तर वाचाय येत न्हवतं. वाचलं कुणी?

नागोजी : मी.

रुक्माबाई : समदं?

नागोजी : समदं.

रुक्माबाई : तेवढी एक वळ सोडायची हुतीस रं.

नागोजी : दोन वरसं मीबी तेच म्हणतोय, काकू. तुमास्नी कधी सांगायचं न्हाय, असं ठरवून आलतो... आता पुसायची असली तर पुसा. मी हात धरणार न्हाय.

रुक्माबाई : फडकं ऱ्हाऊ दे तिकडं. ही बघ, त्याच्या बसायच्या जागंपाशी पत्रा अजून चमकतोय. चिखल दे.