महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्या

...आणि पडवळ तर मिळेचना हो! तुम्हाला सांगते, भेंडी, गवार, दोडका, सगळं जुन्या जालन्यात ढिगानं पडलेलं, पण पडवळ विचारलं की भाजीवाला असा बघायचा, जसं काही मी त्याच्या पाटीतून मोरच मागितला. आणि पडवळ नाही म्हणजे झाल्या पंधरा. आणि पंधरा म्हणजे... नको, पंधराचं नावच नको. मोठ्या आईंनी फोनवर बजावून ठेवलं होतं, "सोळा म्हंजे सोळा."

थांबा, मी मधूनच सुरू झाले. घाबरले की माझं असंच होतं, आणि घाबरायला मला काय लागतं? कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते, तीही मीच लावलेल्या कुकरची. मी राजनंदिनी. बी.एस्सी. झालेय, वनस्पतिशास्त्र घेऊन. लग्नाला सात महिने झाले, आणि माझ्या माहेरी अंबडला महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसत नाहीत. हे लक्षात ठेवा, सगळा घोळ त्यातूनच झाला.

तर सासरच्या महालक्ष्म्या आजवर बसायच्या भोकरदनच्या घरी, मोठ्या आईंकडे. मोठ्या आई म्हणजे माझ्या सासूबाईंच्या थोरल्या जाऊबाई, गोजरबाई. सव्वीस वर्षं माझ्या सासूबाई तिथं जाऊन खाली मान घालून पोळ्या लाटत आल्या, आणि मनात एकच, कधीतरी महालक्ष्म्या आपल्या दारी याव्यात. बोलल्या कधीच नाहीत. पण जालन्यात घर बांधलं तेव्हा हॉलमध्ये एक कोपरा रिकामा सोडला, तिथं टीव्हीसुद्धा लावू दिला नाही, तेव्हाच काय ते सगळ्यांना कळलं. यंदा मोठ्या आईंना होईना, त्या म्हणाल्या, घेऊन जा जालन्याला. पण अट घातली. निवद बराबर पडला तर महालक्ष्म्या जालन्यातच ऱ्हातील, एक भाजी जरी कमी दिसली तर पुढच्या साली परत भोकरदन. आणि नेमकं जूनमध्ये सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन! त्यांना जिना चढायचा नाही, फार उभं राहायचं नाही. मग भाज्या कुणाकडे? आणि ताटाची डावी बाजू, म्हणजे चटण्या, कोशिंबिरी, पंचामृत, ते कुणाकडे? बघा ना माझ्याकडेच.

तुम्हाला सांगते, मला रडू आलं आणि आनंदही झाला, दोन्ही एकाच वेळी. मी लगेच वही घेतली, रकाने आखले. बेचाळीस माणसं जेवायला. वांगं बाद, चातुर्मासात चालत नाही. कांदा-लसूण बाद. बटाटा भाजीत धरायचा का? धरायचा. काकडी? ती कोशिंबिरीत गेली, तिला दोनदा मोजता येणार नाही. टोमॅटोपाशी मी अडले, कारण शास्त्रानं बघितलं तर टोमॅटो फळ. मग लक्षात आलं, शास्त्रानं बघितलं तर भेंडीही फळ, दोडका फळ, कारलं फळ, भोपळा तर फळच फळ, म्हणजे माझ्या सोळांतल्या नऊ भाज्या पदवीनंच खाल्ल्या! पहिल्यांदा वाटलं, तीन वर्षं कॉलेजला गेले नसते तर बरं झालं असतं. वही मिटली, पाणी प्यायले, आणि ठरवलं, महालक्ष्म्या काही परीक्षा घ्यायला येत नाहीत. परीक्षा घ्यायला मोठ्या आई येणार होत्या. सोळा म्हणजे सोळा.

मी विचारलं नाही असं नाही हो. सगळ्यांना विचारलं. सासूबाईंना विचारलं, सोळाच्या सोळा भाज्या आपण घरीच करायच्या? त्या म्हणाल्या, मंग काय, बाहेरच्या चालतात होय? मी विचारलं, किती आणू? तर म्हणे, पाव-पाव किलो आण, पुरे. पाव किलो! बेचाळीस माणसं आणि पाव किलो भेंडी? माणशी एक भेंडी, तीही लहान निघाली तर? मी समजून गेले, बिचाऱ्या खर्चाला घाबरतायत. मी गुपचूप दोन-दोन किलो लिहिलं. पुण्याहून नणंद मोनालीचा फोन आला, तिला म्हटलं सोळावी सुचत नाही, तर ती हसून म्हणाली, "वहिनी, मश्रूम टाक, कुणाला कळणार पण नाही." मला वाटलं, मुलगी पुण्याला जाऊन बिघडली. ताटात वाटीभर मश्रूम दिसेल, आणि कळणार कसं नाही? आणि माझे मिस्टर, कल्याण. जन्मापासून दरवर्षी ते जेवण जेवलेला माणूस. त्याला विचारलं, भाज्या कशा असतात रे? म्हणे, हिरव्या असतात. मी म्हटलं, नीट सांग. म्हणे, मी पुरणपोळीकडे बघत असतो.

पडवळ शेवटी मिळालं ते एका म्हातारीच्या पाटीत, तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. दोन किलो उचललं. ती म्हणाली, हाटेल टाकलं का बाई?

आता जेवणाचा दिवस. खाली अंगणात पुरणाच्या पोळ्या, आंबील, कढी, तिथं भावकीतल्या सगळ्या बाया. सासूबाई खुर्चीत बसून महालक्ष्म्यांच्या साड्यांच्या निऱ्या नीट करतायत. आणि मी? मी वरच्या मजल्यावर एकटी, पहाटे चारपासून, दोन शेगड्या आणि सोळा पातेली. भेंडी परतून, गवारीला दाण्याचा कूट, अळूचं पातळ, मेथी कोरडी, चुक्यात हरभऱ्याची डाळ, कारलं चिंचगुळात... आणि चाखायचं नाही! निवदाआधी जिभेला लावायचं नाही म्हणजे नाही. सोळा पातेल्यांतलं मीठ नुसतं देवावर हवाला ठेवून टाकलं हो. खालून कुणीतरी हाक मारायचं, भाज्या झाल्या का गं? मी वरून ओरडायचे, अकरा झाल्या! खाली सगळ्या शांत. मला वाटायचं, बघा, किती विश्वास.

संध्याकाळी सहाला मोठ्या आई आल्या. महालक्ष्म्यांपुढं डोकं टेकलं, पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि जिना चढू लागल्या. त्यांच्या पाटल्यांचा आवाज एकेक पायरी वर यायला लागला आणि माझ्या हातातला झारा आपोआप खाली पडला. मी सगळी झाकणं काढून ओळीनं पातेली मांडली होती, प्रत्येकापुढं चिठ्ठी, नंबर घालून. त्या दारात उभ्या राहिल्या. एकेकाकडे बोट करून मोजलं. पुन्हा मोजलं. मी हात जोडून उभी.

"काय करून राह्यली गं पोरी हे?"

"सोळा, मोठ्या आई. मोजून सोळा."

त्या चौकटीला धरून खालीच बसल्या. "अगं, सोळा एकाच पातेल्यात असतात. सगळ्यातलं थोडं थोडं घेऊन एकच भाजी करायची असते. तुला कुणी सांगितलं न्हाई?"

एकाच... पातेल्यात...

तुम्हाला सांगते, माझ्या डोळ्यांपुढून पाव किलो गेलं, मश्रूम गेलं, हिरव्या असतात गेलं, सगळं एका रांगेत गेलं. कुणी सांगितलं नाही, कारण सांगायचं काय? हे तर सगळ्यांनाच माहीत! सासूबाई कशाबशा कठडा धरून अर्ध्या जिन्यापर्यंत आल्या होत्या, त्यांचा चेहरा पांढरा फटक. सव्वीस वर्षं वाट बघितली, आणि सुनेनं एका दिवसात महालक्ष्म्या भोकरदनला परत पाठवल्या. मी सगळ्यात मोठं पातेलं ओढलं, कारल्याचं उचललं आणि ओतायलाच निघाले, सगळं एकात करून टाकते म्हणून. मोठ्या आईंनी माझं मनगट धरलं.

"थांब. निवदाची म्हणून केलेली हायेत. आता मोडायची न्हाईत."

मग काय, निवदाच्या ताटात सोळा भाज्या मावतात का? परात काढली. परातीत सोळा ढीग, मधोमध पुरणपोळी, डाव्या अंगाला माझ्या चटण्या-कोशिंबिरी गर्दीत उभ्या राहिल्यासारख्या. आरती झाली. बेचाळीस माणसं पंगतीला बसली, आणि वाढणाऱ्यांची ती सोळा पातेल्यांची मिरवणूक संपेचना. लोक हसायला लागले, मग खायला लागले, मग मागायला लागले. मीठ? अहो, सोळाच्या सोळा बराबर! माझे सासरे धर्मराज, कधी कशाला चांगलं म्हणत नाहीत, त्यांनी चुका तीनदा घेतला. कल्याणनं जन्मात पहिल्यांदा पोळी सोडून भाजीकडे बघितलं. आणि मोठ्या आई एकेक भाजी बोटानं चाखत, हळूहळू, कपाळाला आठी घालून जेवत होत्या. सासूबाई समोर बसलेल्या, घास हातात तसाच. पडवळापाशी मोठ्या आई थांबल्या. आणखी वाढ म्हणाल्या.

हात धुतले, पदरानं तोंड पुसलं, आणि सगळ्यांसमोर सासूबाईंना म्हणाल्या, "मीना, महालक्ष्म्या इथंच ऱ्हातील."

सासूबाई रडल्या हो. मीही रडले. मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला की मी मोठ्या आईंच्या पाया पडले, आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "पण पोरी, महालक्ष्म्यांच्या निवदात एकदा जे पडलं ते दरसाल पडलं पाहिजे. कमी करता येत न्हाई. आता सोळा येगयेगळ्या."

मी पाया पडलेली तशीच राहिले.

म्हणजे आता दरवर्षी मी, मग माझी सून, मग तिची सून... एखाद्या साली त्यातली कुणीतरी पहाटे चारला वरच्या मजल्यावर सोळावं पातेलं घासताना मला विचारेलच, आजी, सगळ्यांकडे एकच भाजी असते, आपल्याकडेच हे असलं कुणी सुरू केलं?

मी काही नाव घेणार नाही. मी म्हणेन, पूर्वापार आहे गं.