महादेवरावांच्या गाडीतला हीटर

स्कूटीचं पंक्चर निघेपर्यंत मेघा बाळाला घेऊन गॅरेजमध्ये बसली होती. शेजारी महादेवराव मेकॅनिक प्रेमानंदला झापत होते.

"हीटर कोमट हवा फेकून राहिला गा. उद्या पहाटे पारशिवनीहून पोरीले अन् तान्ह्या नातीले आणायचं आहे."

"काकाजी, यात थर्मोस्टॅटच नाही. इंजिन तापतच नाही, तर हीटर काय करन?"

"कोनं काढला?"

"तुम्हीच मे महिन्यात काढायले लावला. गाडी तापते म्हणे."

"अन् तू काढला? काहून ऐकलं माह्यं?"

"घरी माह्यं कोणी ऐकत नाही म्हणत होते तुम्ही, म्हणून."

नवा थर्मोस्टॅट बसवून प्रेमानंदनं गाडी सुरू केली, इंजिन तापू दिलं. "पाहा हात लावून."

"माह्या रापलेल्या हाताले काय समजते?" महादेवराव मेघाकडे वळले. "पोरी, तुह्या लेकराचा पाय धर वं या हवेसमोर."

मेघानं मोजा काढला. आखडलेली इवली बोटं हळूच उघडली.