वाचून दाखवणारा माणूस

तेजल : आबा, मागून सांगू नका हो. डोळे मावशींचे तपासतेय मी.

केरबा : म्या कुटं काय सांगितलं? नुसतं ‘ढ’ म्हणलं.

तेजल : तेवढंसुद्धा म्हणू नका. मावशी, परत बघा. तिसऱ्या ओळीतलं पहिलं अक्षर?

सरूबाई : ट.

केरबा : नीट बघून बोल.

सरूबाई : मग ढ.

तेजल : आधी तुम्हाला काय दिसलं होतं?

सरूबाई : दिसलं ट. पर हे ढ म्हणाले ना.

तेजल : अहो मावशी, ‘ट’च आहे ते! तुमचं बरोबर होतं. त्याच्या वरची ओळसुद्धा तुम्ही आधी बरोबर सांगितलीत आणि ह्यांचं ऐकून बदललीत.

केरबा : पोरी, राग मानू नगंस, पर तुजा हा फळा जुना झालाय. लोणावळ्याची हवा दमट. रंग पसरलाय त्याचा.

तेजल : मागच्या महिन्यात आणलाय, आबा. आणि रंगाचा नाही, आत दिवा आहे.

केरबा : मग दिवा कमी जळतोय. एक फोन लावू का वायरमनला? माजा फोन गेला की लाईट येती.

सरूबाई : लाईट यायच्या टायमाला फोन करत्यात हे. अवो, तिला तिचं काम करू द्या. दोन वाजता ग्रामसभा हाय. मळवलीपत्तोर जायचं, तितनं परत गावात.

तेजल : तुम्ही पंचायतीत आहात का, मावशी?

केरबा : सरपंच हायेत आमी.

सरूबाई : मी हाय. सहा म्हैने झाले. बाईची जागा निघाली, म्हणून हुबी ऱ्हायले.

केरबा : हुबी म्या केली. गावात कुणालाबी इचार, सरपंच कोण? केरबाभाऊ म्हणत्यात. हिनं सही करायची, शिक्का मारायचा. कागुद वाचायचा म्या आन बोलायचं बी म्याच. हिला वाचाय येतं, चौथी झालीया, पर नजरच गेली. म्हणून तर हितं चष्म्याच्या दुकानात आणली.

तेजल : नजर कुठे गेलीय? लांबचं सगळं स्वच्छ दिसतंय त्यांना. जवळचं तेवढं वयोमानाने कमी झालंय. दोनची पॉवर लागेल.

केरबा : दोनच? सरपंचबाईला? आमच्या आळीतल्या भागुबाईला साडेतीनची हाय, आन ती साधी मेंबर बी न्हाई.

तेजल : आबा, जितकी पॉवर जास्त तितका डोळा कमजोर.

केरबा : हे उलटंच झालं की. आमच्याकडं पॉवरवाला कुटं कमजोर असतो?

सरूबाई : असतो कदी कदी. दिसत न्हाई, एवढंच.

तेजल : मावशी, हा तयार चष्मा आहे दोनचा. घालून बघा. आणि हे घ्या वाचायचं कार्ड.

सरूबाई : कार्ड ऱ्हाऊ दे तितंच टेबलावर. सभेचा कागुद हाय माज्या पिशवीत, त्योच वाचून बगते. आज त्यावरच सही करायचीया.

केरबा : त्यो कशाला? परवा वाचून दावला ना तुला म्या? नव्या बंगल्यांना लाईट पायजे. ते सोताची नवीन डीपी बसवणार, गावाच्या डीपीला हात लावणार न्हाईत. झालं. आजून काय वाचायचं?

सरूबाई : अक्षरं कशी दिसत्यात ते बगायचंय. बया! केवढाली मोटी झाली गं! थांब हं. ‘सदर... वसाहतीतील... चोवीस बंगल्यांना... गावाच्या वि... विद्यमान... रोहित्रावरून... वीजजोडणी देण्यास... ग्रामसभेची हरकत नाही.’ रोहित्र म्हंजी काय गं?

तेजल : तुम्ही डीपी म्हणता ना, तीच.

सरूबाई : आन विद्यमान?

तेजल : आत्ता आहे ती. म्हणजे तुमच्या गावचीच.

सरूबाई : गावचीच? अवो, हितं तर नवीन डीपीचं नावच न्हाई!

केरबा : चष्मा उलटा घातला असशील.

सरूबाई : चष्मा उलटा घातल्यावर डीपी जुनी हुती व्हय? आत्ताच शनवार-रइवारी जुन्या बंगल्यांवर पाव्हण्यांसाटी पाण्याच्या मोटारी चालू झाल्या की आपला बल्ब लाल हुतोय. गिरणीत अर्दं दळण पडून ऱ्हातंय. त्यात आजून चोवीस बंगलं! आन मी ह्यावर शिक्का मारणार हुते?

केरबा : आण तो कागुद हिकडं. टेबलावर ठिवलास न्हवं? हा बग. ऐक नीट. ‘सदर बंगलेवाले सोताची नवीन डीपी बसवून घेतील आन गावाच्या डीपीला...’

तेजल : आबा...

केरबा : थांब गं, पुरं वाचू दे. ‘...गावाच्या डीपीला कोणत्याही परकारे हात लावणार न्हाईत.’ हाय का न्हाई लिवलेलं?

तेजल : आबा, ते माझं वाचायचं कार्ड आहे. त्यात ससा आणि कासव आहेत.

सरूबाई : कागुद माज्या हातात हाय.

तेजल : बसा आबा. मावशींच्या जागी बसा जरा. हनुवटी इथे टेकवा. उजेडाकडे बघा. हं. किती दिवस झाले असं दिसतंय?

केरबा : कसं?

सरूबाई : सांगा आता.

केरबा : वरीस झालं. पावसाळ्यात सुरू झालं. म्हणलं, आपल्याकडं धुकं असतंच. पावसाळा गेला, दिवाळी झाली, धुकं काय हटंना.

सरूबाई : आन सहा म्हैने मला कागुद वाचून दावताय?

केरबा : ग्रामसेवक आदी वाचायचा, म्या पाठ करायचो. ते समदे खरे हुते, आईच्यान. ह्यो एकच दत्तोबानं सांगितला तसा पाठ केला.

तेजल : दत्तोबा कोण?

सरूबाई : बंगलेवाल्याचा मुकादम. दुसरं कोण असणार! अवो, पर मला का न्हाई सांगितलं?

केरबा : कसं सांगणार? तालमीतला गडी म्या. चिखलात रुतलेला पॉवर टिलर एकट्यानं बाहेर काडलाय. आन म्या म्हणायचं, मला दिसत न्हाई? लोकं ‘भाऊ, वाचा’ म्हणत्यात ते कशाच्या जोरावर? तेवडंच तर ऱ्हायलंय.

सरूबाई : एवडे कागुद तोंडपाठ! आन शाळंत चौथीला तीनदा बसला तवा कुटं गेलतं हे डोस्कं?

केरबा : हस. लोकं बी आता अशीच हसणार.

तेजल : आबा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू दिसतोय. डाव्यात जास्त. डॉक्टरांना दाखवायची चिठ्ठी देते मी. बहुतेक ऑपरेशन सांगतील, पण घाबरण्यासारखं काही नसतं. त्याच दिवशी घरी सोडतात.

केरबा : घाबरतोय कोण?

सरूबाई : हात बगा कसा धरलाय माजा. बोटं मोडतील.

केरबा : बरं, ते राहू दे. दोनच्या सभेचं काय? ग्रामसेवकाला वाचाय सांगू?

सरूबाई : मी वाचते.

केरबा : तू?

सरूबाई : का? आत्ता वाचला न्हवं?

केरबा : हितं आपुन तिगं हाय. तितं दोनशे माणूस असतंय. दत्तोबा म्होरंच बसतोय, पाय पसरून. सहा म्हैन्यांत एक सबुद बोलली न्हाईस तू सभेत.

सरूबाई : त्याचीच तर काळजी हाय. तेजल, मला अक्षर लावून वाचावं लागतं गं. मदीच अडले तर?

तेजल : अडलात तर थांबायचं. सरपंच तुम्ही आहात, मावशी. तुम्ही थांबलात की सगळे थांबतील.

सरूबाई : खरंच थांबत्यात?

तेजल : थांबावंच लागतं.

सरूबाई : हे मला कुणी सांगितलंच न्हवतं. मग पुरा कागुद वाचणार, आन इचारणार, गावची डीपी द्यायची कुणाला पटतंय त्यानं हात वर करा. नवीन डीपीचं लिवून आणलं तर म्होरं बोलू. तवर शिक्का पिशवीत.

केरबा : दत्तोबा म्हणंल, भाऊंनी तर हो म्हणलं हुतं.

सरूबाई : म्हणू दे. सांगंन त्याला, भाऊंचा आन माजा एकच इचार हाय. हाय न्हवं?

केरबा : ...हाय.

सरूबाई : मोट्यानं बोला.

केरबा : हाय म्हणलं ना! पर म्या आज येत न्हाई सभेला. घरी पडून ऱ्हातो.

सरूबाई : येणार तुमी. मला धीर कोण देणार? म्या कागुद हातात घेतल्यावर म्होरं बगायला एक तरी आपलं माणूस पायजे.

केरबा : बसू कुटं पर? त्या खुर्चीत तर...

सरूबाई : खुर्चीत मी बसंन. तुमच्यासाटी शेजारी दुसरी ठिवायला सांगते. चला, उटा. पायरी हाय हितं, जपून. तेजल, येते गं. डॉक्टरांसाटीची यांची चिठ्ठी दे माज्याकडं. म्याच वाचंन.

(दोघे दुकानाबाहेर येतात. सरूबाई चष्मा काढत नाही.)

केरबा : सरू.

सरूबाई : काय वो?

केरबा : लोकांनी इचारलं, भाऊ आज गप का, तर काय सांगू?

सरूबाई : सांगा, आज ऐकाय आलोय.