मागचा चर

— नाही ताई, ते माहितीपत्रक ठेवा पिशवीत, छापलेल्या कागदावर सगळेच फोम गुणी असतात. मला एवढंच सांगा — पेट्रोल पेटलंय, तुमच्या या नव्या फोमने ते विझलं, आमचा माणूस त्या फेसात गुडघाभर उभा आहे — परत नाही ना पेटणार? हसू नका. सोळा वर्षं या अग्निशमन केंद्राचा प्रमुख आहे मी, विझलेल्या आगीनेच माणसं भाजलेली पाहिलीत. आमचा जुना फोम, त्याला त्या बाबतीत तोड नव्हती. वळणावर टँकर उलटला होता, ड्रायव्हर केबिनमध्ये अडकलेला, खाली पेट्रोलचं तळं — त्या फेसाने असं पांघरूण धरलं की आम्ही पाऊण तास पत्रा कापतोय, ठिणग्या उडतायत, पण भडका नाही! जिवंत काढला त्याला. अजून फोन करतो. मग त्या फोमला शिव्या द्यायच्या तर कुठल्या तोंडाने?

पण कॅनवर एक ओळ नव्हती हो, की हे जमिनीत मुरलं की मुरलं, कुजत नाही, पाण्यात उतरलं की निघत नाही. आम्हाला तो साबणच. दर शनिवारी सराव — लोखंडी ट्रेमध्ये इंधन पेटवायचं, फेस मारायचा, मग मैदान धुऊन काढायचं. क्वार्टर्समधली पोरं लोळायची त्यात. आणि पाणी जायचं मागच्या चरातून. चर कुठे? विहिरीकडे. खणला कुणी? ...मीच खणून घेतला की. आधी पाणी पुढच्या बाजूला यायचं, गाड्यांखाली चिखल व्हायचा, वरचे साहेब ओरडायचे. दोन माणसं, एक सकाळ, काम फत्ते. स्वतःवरच खूश होतो मी.

त्या विहिरीवर आमच्या हिचा वाफा होता. वांगी, पालक — घरात खाऊन आळीभर वाटायची. मग हिला किडनीचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, कशामुळे ते ठामपणे सांगता येत नाही. बरोबरच आहे त्यांचं, मीही सांगत नाही. पण पाणी तपासायला माणसं आली, विहिरीला झाकण बसलं, तेव्हा ही अंथरुणावर. मला म्हणाली, "अहो, ते पाणी तिकडे वळवलं तरी कोणी?" मी म्हणालो — काय म्हणालो? — "आधीच्या साहेबांच्या वेळचं आहे ते." तिने नुसती मान हलवली.

हे तुम्हाला कशाला सांगत बसलो! फोमचं बोलूया. उद्या सकाळी आठला या. पेट्रोलच पेटवणार, डिझेल नाही. पंप आमचा, नोझल आमचा. विझल्यावर पाव तास थांबणार आणि वरून मशाल फिरवणार. टिकला तर तुमचा फोम घेतला. जुना फोम मुरलेल्या गाड्यांच्या टाक्या आधी धुऊन घेऊ, ते धुवणही पिंपात भरून ठेवू, जमिनीवर थेंब नाही. आणि ते न कुजणारं रसायन यात नाही, हे सहीनिशी लिहून हवं...

काय म्हणालात? नंतर तरी सांगितलं का तिला?

चार दिवस होते हातात. शुद्धीत होती, बोलत होती. एकदा तर चहासुद्धा मागितला...

निघा तुम्ही, ताई. उद्या आठला.